अमायींचा चमचा

माझ्या हातून काही सांडलं, फुटलं, हरवलं की माफी थोको मागायची. तुरीची डाळ जमिनीवर पसरली, "पेपानी." माझी बस चुकली, "पेपानी." शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या फुटपाथवर बर्फावरून मी सपशेल आपटले, तेव्हा हात देऊन उठवायच्या आधी ती दोनदा "पेपानी, पेपानी" म्हणाली. शेवटी मी वैतागले. "अगं, तू कशाला सॉरी म्हणतेस? तू ढकललंस का मला?" तिला माझा प्रश्नच कळेना. तिच्या गावी कुणाला ठेच लागली तर रस्त्यावरचा अनोळखी माणूससुद्धा असं म्हणून पुढे जातो, म्हणे. "तुमच्याकडे काय म्हणतात?" तिने विचारलं. मी आठवून पाहिलं. आमच्या अमरावतीत "डोळे फुटले का?" म्हणतात. ते मी तिला इंग्रजीत सांगितलं, तर ती तोंडावर हात ठेवून इतकी हसली की माझा दुखरा गुडघा मीही विसरले.

थोकोझानी तिचं पूर्ण नाव. ती मलावीची. आम्ही एकाच विद्यापीठात पीएचडी करत होतो. माझं काम गवतांवर, तिचं मक्याला लागणाऱ्या बुरशीवर. डेव्हनवर एका मिठाईच्या दुकानाच्या वर आमचा फ्लॅट होता. आमचा म्हणजे माझा आणि केतकीचा. केतकी पुण्याची, एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. तिसरी खोली रिकामी झाली तेव्हा मी थोकोला घेऊन आले. केतकीने आधी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळूच विचारलं, "ती काय खाते यार?" त्याच वेळी थोको दारात उभी राहून नाक पुसत मला विचारत होती, "तुम्ही रोज अशी फोडणी देता?" पण ती पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड करायची, ती महिन्याभरात केतकी मेथीच्या भाजीबरोबर चाटून पुसून खायला लागली.

थोको उंच होती, केस अगदी बारीक कापलेले. लॅबचा पांढरा कोट घरी आणून इस्त्री करणारी मी पाहिलेली ती एकमेव व्यक्ती. हळू बोलायची, हळू चालायची, घाई तिला माहीतच नव्हती. फक्त एक गोष्ट सोडून. तिचा फोन कधी सायलेंटवर नसायचा. जेवताना ताटाशेजारी, आंघोळीला गेली की बेसिनवर, सेमिनारमध्ये मांडीवर, कायम तोंड वर करून ठेवलेला. प्राध्यापकांनी एकदा सगळ्यांसमोर टोकलं. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि फोन होता तसाच ठेवला. मला वाटलं, कुणीतरी मित्र असेल. आपल्या लोकांचं डोकं कुठे धावतं ते काय सांगायचं.

ती आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यातली सकाळ. मी चहा टाकत होते आणि कुठेतरी टण् झालं. भांड्यावर चमचा आपटल्यासारखं. मी सिंकमध्ये पाहिलं, गॅसजवळ पाहिलं. तेवढ्यात थोको तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आली, टेबलावरचा फोन उचलला, नंबर लावला, तिच्या भाषेत चार शब्द बोलली आणि परत बेसिनशी गेली. ती चूळ भरून आल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"अमायींना पाणी हवं होतं," ती म्हणाली आणि कोट घालायला लागली.

अमायी म्हणजे तिची आई. ती मलावीतल्या एका खेड्यात होती. तिला पाणी हवंय हे सांगणारा चमचा आमच्या स्वयंपाकघरात वाजला होता.

ते सगळं नीट समजायला मला दोन-तीन दिवस लागले. अमायींना काही वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा चांगला. त्यांच्याजवळ थोकोची धाकटी बहीण होती, तमांडा. घर गावाच्या कडेला. हातपंप लांब, मक्याचं शेत त्याहून लांब. तमांडा बाहेर पडली की अमायी चटईवर एकट्या, आणि हाक मारायची सोय नाही. म्हणून बहिणींनी ही युक्ती काढली होती. टचस्क्रीनचा फोन अमायींच्या डाव्या हाताशी दोरीने बांधलेला. शेजारी एक कल्हईची ताटली आणि चमचा. ताटली फोनला टेकलेली. अमायी अंगठ्याने पडदा दाबून धरायच्या, बोटांत अडकवलेला चमचा ताटलीवर वाजवायच्या आणि अंगठा उचलायच्या. तो आवाजाचा निरोप शिकागोला पोचायचा आणि थोकोच्या फोनवर आपोआप वाजायचा. थोको तमांडाच्या छोट्या बटणांच्या फोनवर कळवायची, आणि तमांडा शेतातून घराकडे धावायची. एक ठोका म्हणजे पाणी. दोन ठोके म्हणजे कूस बदलायची आहे. तीन म्हणजे अंथरूण ओलं झालंय.

"थेट तमांडालाच फोन का नाही लावत?" केतकीने विचारलं. ती सॉफ्टवेअरवाली, तिला हा द्राविडी प्राणायाम सहन होईना.

"लावून पाहिलं," थोको म्हणाली. "शेतात रेंज येते आणि जाते. फोन लागला की नाही, अमायींना कळायचं नाही. त्या लावत बसायच्या, रडायच्या. आता त्यांना एवढंच माहीत आहे की वाजवलं की थोको ऐकते. तमांडाला गाठायचं माझ्याकडे. मी लागेपर्यंत लावते." मग इस्त्रीची वायर गुंडाळत म्हणाली, "माझे हात तिथे पोचत नाहीत. कान तरी पोचू देत."

तिकडची दुपार म्हणजे आमची सकाळ. त्यामुळे आमच्या घरात सकाळचा चहा, केतकीचा हेअर ड्रायर आणि अमायींचा चमचा असं सगळं एकदम चालायचं. बघता बघता आम्हालाही सवय झाली. थोको आंघोळीला गेलेली असली की केतकी बाथरूमचं दार ठोठावून ओरडायची, "थोको! टू टॅप्स! कूस!" कूस हा शब्द थोकोने आमच्याकडून उचलला होता. मी कामावरून उशिरा आले की केतकी जेवण वाढताना सांगायची, "आज चमचा शांत होता हं," आणि मलाही उगाच बरं वाटायचं.

कोण राहणार आणि कोण जाणार हे मामाने ठरवलं होतं. त्यांच्याकडे आईचा भाऊ म्हणजे हायकोर्ट. आमच्याकडे मामाला लग्नात भाचीच्या मागे उभं राहण्यापुरता मान, हे मी सांगितल्यावर थोकोला आमच्या मामांची कीव आली. अमायी पडल्या त्याच हंगामात थोकोला शिकागोची स्कॉलरशिप मिळाली होती. तमांडा शिक्षिकेचं शिक्षण घेत होती आणि तिचं लग्न ठरलेलं होतं. मामाने सगळ्यांना बोलावलं. बसून ऐकून घेतलं. थोकोकडे बोट करून म्हणाला, ही जाईल. तमांडाकडे बोट केलंच नाही. तमांडाने त्याच आठवड्यात वसतिगृहातून ट्रंक आणली. लग्न ठरलेला माणूस पहिल्या वर्षी दर महिन्याला यायचा, अमायींसाठी साबण आणायचा, अंगणात बसून जायचा. मग सणासुदीला यायला लागला. मग येईनासा झाला.

पण दोघी बहिणींनी आपापसात एक ठरवलं होतं, मामाला न सांगता. थोकोची पीएचडी झाली की अदलाबदल. थोको गावी जाऊन चटईजवळ बसणार आणि तमांडा ट्रंक घेऊन परत वसतिगृहात जाणार. "ती बावीसची होती तेव्हा बसली," थोको म्हणायची. "म्हातारी व्हायच्या आत तिला उठवायचंय मला." अदलाबदल हा विषय निघाला की ती खुलायची. तमांडाला कुठल्या कॉलेजात घालायचं, कुठल्या रंगाचा कोट घ्यायचा, सगळं ठरलेलं. मला मात्र तिचं ते खुलणं पाहून आत कुठेतरी भीती वाटायची. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. केतकी ऑफिस आटोपून फुलं घेऊन आली. थोको आली ती गुंडाळलेली चटई, पातेलं, छोटी बादली आणि साबण एका कापडात बांधून. नर्स बघतच राहिली. थोको म्हणाली, "मी हिच्याबरोबर राहणार आहे. चूल कुठे मांडायची?" नर्सने समजूत घातली की इथे जेवण मिळतं, कपडे बदलले जातात, सगळं आम्ही करतो. थोकोला ते पटेना. "हिची कूस कोण बदलणार?"

"मीच," नर्स म्हणाली.

"तुम्ही हिच्या कोण?" थोकोने अगदी मनापासून विचारलं.

टाके दुखत असतानाही मला हसू आवरेना. भेटीची वेळ संपेपर्यंत ती पातेलं मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिली. तिच्याकडे इस्पितळात प्रत्येक रोग्याबरोबर घरचं एक माणूस राहतंच. त्याला गार्डियन म्हणतात. बाहेरच्या अंगणात दगडांच्या चुलीवर शिजवायचं, धुणं धुवायचं, भरवायचं, पुसायचं, आणि झोपायचं रोग्याच्या खाटेखाली चटई टाकून. अमायींच्या वेळी दोघी बहिणी आळीपाळीने तशा झोपल्या होत्या. त्यांच्या शेजारच्या खाटेखाली एक बाई होती, नवऱ्याची गार्डियन. तिचे पाय सुजलेले असायचे, चुलीशी बसल्या बसल्या तिला घेरी यायची. एका सकाळी नवरा उठून बसला आणि तिला हाका मारायला लागला. खाटेखालून उत्तर आलं नाही.

"डॉक्टर रोज यायचे ना?" मी विचारलं.

"रोज यायचे," थोको म्हणाली. "पण डॉक्टर खाटेवर बघतात गं. खाटेखाली कोण बघतं?"

एवढं बोलून तिने पातेल्याचं झाकण उघडलं आणि मला चमच्याने पेज भरवायला सुरुवात केली.

तमांडाला मी रविवारी व्हिडिओवर बघायची. चेहरा थोकोचाच, पण ती हसताना तोंडावर हात ठेवायची नाही. मला म्हणायची, "सिस्टर, बर्फ दाखव." मी खिडकीतून फोन बाहेर धरायची. केतकीकडे तिची एकच मागणी, लिपस्टिक दाखव. केतकी एकेक शेड मनगटावर ओढून दाखवायची आणि तमांडा तिकडून पसंत-नापसंत करायची. ती मधेच उठून अमायींना टेकवायची, त्यांच्या पाठीला हात घालून एका झटक्यात बसवायची आणि परत येऊन पुढच्या शेडवर बोलायची. तिच्या बटणांच्या फोनची रिंग म्हणजे एक कर्कश नाचरी धून होती. ती वाजली की केतकी इकडे खांदे उडवून नाचायची आणि तमांडा तिकडे.

एका रविवारी तमांडाच्या डोक्याला फडकं बांधलेलं होतं. कपाळावरून आवळून, मागे गाठ.

"हे काय?" थोकोने विचारलं.

"ऊन," तमांडा म्हणाली आणि हसली.

ती घरात बसली होती. तिच्या मागे भिंत होती, आणि अंधार इतका की तिचे दातच तेवढे दिसत होते. फोन ठेवल्यावर मी थोकोला म्हटलं, "माझी आई डोकं ठणकायला लागलं की असंच फडकं बांधते." थोकोने फोन चार्जरला लावला. मग म्हणाली, "खोटं बोलताना ती आधी हसते. लहानपणापासून."

पुढचे काही दिवस तिने तमांडाचा पिच्छा पुरवला. आरोग्य केंद्रात जा, रक्तदाब मोजून घे. अमायींनाही आधी डोकंच दुखायचं, तू विसरलीस का? तमांडाचं उत्तर ठरलेलं. जायला-यायला अख्खा दिवस जातो, तोपर्यंत यांच्याजवळ कोण? अखेर एका शेजारणीला बसवून ती गेली. पोचली तर तिथलं मोजायचं यंत्र बंद पडलेलं. पुढच्या आठवड्यात या, म्हणाले. पुढच्या आठवड्यात शेजारीण शेतात होती. त्यानंतर हा विषय निघाला की तमांडा म्हणायची, "तू ये, मग जाईन. अदलाबदल होणारच आहे ना?"

ती व्हायलाही आली होती. पण प्राध्यापकांनी आणखी एका हंगामाचं पीक बघून मगच प्रबंध द्या म्हणून सांगितलं. त्यांचंही चूक नव्हतं, आकडे खरंच अपुरे होते. थोकोने हे तमांडाला माझ्यासमोर सांगितलं. तिकडे तिने आधी अमायींचं पांघरूण सारखं केलं. मग तमांडा म्हणाली, "बरं. मका काही घाई करत नाही." आणि हसली. थोको फोन ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिली. डोक्याचं फडकं त्या दिवशीही होतं.

आणि मग चमचा बिघडला.

म्हणजे आम्हाला तसं वाटलं. एक, दोन, तीन असे शिस्तीत येणारे ठोके सोडून काहीतरी भलतंच यायला लागलं. टणटणटणटण, थांबून पुन्हा टणटणटण, हात दुखेपर्यंत वाजवल्यासारखं. थोको हातातलं टाकून तमांडाला फोन लावायची. तमांडा उचलायची. "काय हवंय त्यांना?" "काही नाही. मी इथेच आहे. जवळच बसलेय. पाणी दिलं, कूस बदलली, अंथरूण कोरडं आहे. तरी वाजवतात." असं एकदा झालं, परत झालं, मग आठवड्यातून तीन-चारदा व्हायला लागलं. कधी तमांडाचा आवाज जड यायचा. झोपेतून उठवल्यासारखा. "झोपली होतीस?" "जरा टेकले होते."

"आजी बोअर होत असतील यार," केतकी म्हणाली. "माझी आजी पण शेवटी शेवटी बेल वाजवत बसायची."

थोकोला भलतीच भीती वाटत होती. अमायींचं भान सुटत चाललंय, अशी. झटक्यानंतर काही जणांचं असं होतं, हे तिने वाचलं होतं. तिकडे तमांडाची दुपारची घटकाभराची झोप मोडते, इकडे हिचे प्रयोग अर्धवट राहतात. एका सकाळी ते टणटण लागोपाठ तीनदा आलं आणि माझ्या समोर थोकोचा तोल गेला. तिने फोन तोंडाशी धरला आणि अमायींना उलट निरोप पाठवला. भाषा कळत नसली तरी दटावणी कळते. मी "काय म्हणालीस?" असं विचारलं, तर तिने तुटकपणे सांगितलं, "म्हटलं, अमायी, तमांडा दमते. कारण नसताना वाजवू नका." मी तिला आवाज चढवताना पाहिलं ते एवढंच. त्यात पेपानी कुठे नव्हतं.

त्या दिवसापासून चमचा सुधारला. एक ठोका, दोन ठोके, झालं. एखाद्या सकाळी तर काहीच नाही. थोको लिहायला बसली की दुपारपर्यंत उठायची नाही. केतकी म्हणाली, चला, सुटलो. मला मात्र ती शांतता आवडली नाही. चहा उकळताना माझे कान उगाच टेबलाकडे लागायचे.

प्रबंध झाला. तोंडी परीक्षेची तारीख मिळाली. थोकोने तिकीट पाहून ठेवलं आणि एका मोठ्या दुकानातून तमांडासाठी निळा कोट आणला. तो स्वतःच्या अंगात घालून ती स्वयंपाकघरात आम्हाला दाखवत होती. केतकी डबा भरता भरता शिट्टी मारत होती. आणि टेबलावर टणटणटणटण सुरू झालं.

थोकोचा चेहरा उतरला. "परत," ती म्हणाली.

तो निरोप संपला आणि लगेच दुसरा आला. तसाच. पण अधिक जोराने, ताटली सरकत असल्यासारखा. थोकोने कोट काढला, खुर्चीवर टाकला आणि तमांडाला फोन लावला. स्पीकरवर. तिकडे रिंग वाजत राहिली. तमांडाने उचलला नाही.

"शेतात असेल," मी म्हटलं.

थोकोने परत लावला. परत पूर्ण रिंग वाजली आणि बंद झाली. त्याच क्षणी अमायींचा तिसरा निरोप येऊन पडला. तो वाजायला लागला. आधी चमचा होता. मग चमच्याच्या मागून ती कर्कश नाचरी धून सुरू झाली. तमांडाच्या फोनची. लांबून नाही, दाराबाहेरून नाही. अगदी ताटलीच्या शेजारून. चमचा थांबला. धून एकटी वाजत राहिली, तिचं ते उड्या मारणं सगळं आम्ही ऐकलं, आणि ती संपली. मग फक्त कुणाचा तरी मोठा, खरखरीत श्वास. निरोप संपला.

केतकीच्या हातात पोळी तशीच होती.

"ती घरातच आहे," थोको म्हणाली.

अडीअडचणीला म्हणून तिने गावच्या शाळेतल्या मास्तरांचा नंबर ठेवला होता. थोकोचा फोन अमायींसाठी मोकळा ठेवून केतकीने तो आपल्या फोनवरून लावला. मास्तर धावत निघाले. ते पोचेपर्यंत चमचा वाजतच होता, एकामागून एक निरोप येत होते, आणि थोको फोन दोन्ही हातांनी पोटाशी धरून एकच वाक्य परत परत पाठवत होती. मागाहून तिने मला त्याचा अर्थ सांगितला. अमायी, ऐकलं. अमायी, मी ऐकलं.

तमांडा चटईशेजारी पडली होती. पाण्याची बादली आडवी झाली होती आणि पाणी अमायींच्या अंथरुणापर्यंत गेलं होतं. अमायींनी डाव्या हाताने स्वतःला फरफटत तिच्याजवळ आणलं होतं. मास्तरांनी बैलगाडी जोडून घेतली. आरोग्य केंद्राच्या वाटेवरच ती गेली. मेंदूतली शीर फुटली, अमायींची फुटली होती तशीच. अमायी वाचल्या होत्या, ही वाचली नाही.

दिवसभर थोको रडली नाही. संध्याकाळी मी तिच्या खोलीत गेले तर ती जुने निरोप एकेक करून ऐकत होती. ते बिघडलेले. "त्यांचं भान सुटलं नव्हतं," ती म्हणाली. "त्यांना माहीत होतं. आधी डोकं कसं ठणकतं, मग डोळ्यांपुढे कसं होतं, माणूस भिंतीला धरून कसं बसतं. त्या चटईवरून रोज तिला बघत होत्या. तमांडा डोकं धरून बसली की त्या वाजवायच्या. आणि मी त्यांना गप्प केलं." मला तिचं सांत्वन करायचं होतं, तुझा काय दोष म्हणायचं होतं. आम्ही सगळ्यांनीच ठरवून टाकलं होतं की चमचा अमायींचा, म्हणजे दुखणंही अमायींचंच. पण तोंडातून फक्त तिचाच शब्द निघाला. "पेपानी," मी म्हटलं. तेव्हा ती रडली.

तोंडी परीक्षा न देता ती निघाली. प्राध्यापक विरघळले, ऑनलाइन घेऊ म्हणाले. त्या गावात रेंज सलग किती वेळ टिकते हे त्यांना कुणी सांगायचं? परीक्षा अजून राहिलीच आहे. डेव्हनवर टॅक्सी आली तेव्हा थोकोच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात ते कापडात बांधलेलं पातेलं आणि चटई. निळा कोट तिने केतकीला दिला. केतकी तो कपाटात ठेवते, घालत नाही. टॅक्सीत बसण्याआधी थोकोने माझा फोन मागून घेतला आणि त्यात एक नंबर टाकला. नाव लिहिलं, अमायी.

"मी पाण्याला गेले की त्या कुणाला वाजवणार?" ती म्हणाली. तिने हे विचारलं नाही, सांगितलं. मी मान डोलावली.

तेव्हापासून माझा फोन सायलेंटवर नसतो. सकाळी चहाच्या वेळी टण् होतं, मी गॅस बारीक करते आणि मलावीला फोन लावते. तमांडाचाच तो बटणांचा फोन. थोको धापा टाकत उचलते, मी म्हणते "पाणी," ती म्हणते "निघाले." एक, दोन, तीन, सगळं शिस्तीत. प्रबंधाचं विचारलं की ती म्हणते, मका काही घाई करत नाही.

गेल्या रविवारी बऱ्याच दिवसांनी व्हिडिओ लागला. थोको खूप वाळली आहे. केतकीने तिला नव्या लिपस्टिकची शेड दाखवली, तर तोंडावर हात ठेवून हसली, अगदी पूर्वीसारखी. हात खाली आला तेव्हा मला कपाळ दिसलं. त्यावरून फडकं आवळून बांधलं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

ती आधी हसली. "ऊन गं. फार ऊन आहे इकडे."

तिच्या मागे भिंत होती. भिंतीशी चटईवर अमायी होत्या. त्या फोनकडे बघत नव्हत्या. त्या थोकोकडे बघत होत्या, आणि त्यांचा डावा हात ताटलीच्या कडेने चमचा शोधत होता.